वाचकांचे प्रश्न : एकाच संन्याशाचे दोन सूर

प्रश्न : आमच्या गायकवृंदाने आंतोनी सोलेर या अठराव्या शतकातील कातालान (स्पेनच्या कातालोनिया प्रांतातील) संन्याशाच्या चर्चसंगीताची दोन ध्वनिमुद्रणे ऐकली. एकात संथ, गंभीर लॅटिन स्तोत्र आहे, तर दुसऱ्यातील नाताळच्या गाण्यात नाचाचा ठेका आणि चक्क थट्टामस्करी आहे. यांतील खरे धार्मिक संगीत कोणते मानावे?

उत्तर : दोन्ही. सोलेर यांनी ती एकाच चर्चसाठी लिहिली. फरक आहे तो उपासनेत त्या त्या रचनेला असलेल्या जागेचा. १७२९ साली ओलोत येथे जन्मलेले सोलेर लहानपणीच मोन्सेरात मठाच्या गायनशाळेत दाखल झाले, १७५२ मध्ये माद्रिदजवळील एल एस्कोरियालच्या मठात आले आणि १७५७ पासून तेथील संगीतप्रमुख झाले. संत जेरोमच्या नावाने चालणाऱ्या त्या संन्यासी संघात सामुदायिक गायन हेच दिवसाचे मुख्य काम असे. चर्चच्या मागच्या बाजूला, उंचावरील सज्जात संन्यासी बसत आणि चामड्याच्या पानांच्या अवाढव्य वह्या फिरत्या घडवंचीवर ठेवून सगळे मिळून त्यांतून गात. अशा वह्या तेथे दोनशेहून अधिक आहेत.

मिस्सा (कॅथलिक चर्चची मुख्य उपासना) आणि स्तोत्रांचे शब्द ठरलेले असल्यामुळे त्यांना जुन्या, संयत शैलीचे वळण राहिले. स्पेनमध्ये आठ आवाजांसाठीची रचना दोन वृंदांत विभागण्याची परंपरा होती : एका वृंदाने ओळ टाकायची, दुसऱ्याने ती उचलायची आणि शेवटच्या स्तुतिवचनाला दोघांनी एकत्र यायचे. आपण ऐकलेले स्तोत्र अशा बांधणीचे असेल, तर या देवाणघेवाणीकडे कान ठेवून ते पुन्हा ऐकावे. संथपणाचा कंटाळा बराच कमी होईल.

नाताळचे गाणे मात्र वियान्सिको या प्रकारातले दिसते. त्याचे शब्द बोली स्पॅनिशमधले, बांधणी धृपद आणि कडव्यांची. नाताळच्या रात्रीच्या प्रार्थनेत दर पाठानंतर लॅटिन प्रतिवचन म्हटले जाई. त्याच ठिकाणी हे गीत गात, आणि त्यात मेंढपाळ, गावकरी, भांडखोर गायक अशी पात्रे येऊन संवादही करीत. हा सैलपणा सर्वांना रुचत नव्हता, हेही खरे. माद्रिदच्या राजप्रार्थनालयाने १७५० मध्ये वियान्सिको बंद करून पुन्हा लॅटिन प्रतिवचने आणली. एल एस्कोरियालमध्ये मात्र ती प्रथा टिकली आणि सोलेर यांनी तेथे सुमारे १३० वियान्सिको रचले. केवळ वरिष्ठांच्या आज्ञेचा भाग म्हणून कोणी इतक्या उत्साहाने विनोद लिहील, असे मला वाटत नाही.

शिवाय हा मनुष्य हलकाफुलका मुळीच नव्हता. एका स्वरावलीतून दुसरीत जलद कसे जावे, यावर १७६२ साली त्यांनी लिहिलेल्या ग्रंथाने स्पेनच्या संगीतज्ञांत मोठा वाद पेटला होता.

आपल्या वृंदाला यातले काही गायचे असेल, तर प्रारंभ वियान्सिकोने करावा. कडवी एकेकट्या गायकांना देऊन धृपद सर्वांनी उचलावे, आणि शब्द स्पष्ट उच्चारावेत. शब्द कळले नाहीत तर त्यातला विनोद ऐकणाऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही. दोन वृंदांचे लॅटिन स्तोत्र त्यानंतर हाती घ्यावे, कारण तेथे समोरचा वृंद गात असताना मोजणी सांभाळून गप्प राहणे हेच अधिक अवघड असते.