तुमचे प्रश्न : पॅथॉलॉजी घेतली तर डोळ्यांच्या स्टेम सेलवर काम करता येईल का?

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी नागपूरला मेडिकलमध्ये इंटर्नशिप करून राहिली आहे. माझ्या रँकमध्ये ऑप्थॅल्मची (डोळ्यांच्या ब्रँचची) सीट बसत नाही, पॅथॉलॉजी मिळते. मला डोळ्यांवर स्टेम सेल रिसर्च करायचा आहे. घरचे म्हणतात पॅथॉलॉजी म्हणजे रक्त-लघवीची लॅब, त्यात डोळा कुठून आला. एक सीनिअर म्हणतो स्टेम सेलचा ऑनलाइन कोर्स कर अन् मोकळी हो. डोकंच चालत नाही, काय करू?

उत्तर : पॅथॉलॉजी घे, आणि मन मारून नको घेऊस. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटमध्ये २००१ पासून लॅबमध्ये वाढवलेल्या लिंबल स्टेम सेल (कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, कडेच्या मूळ पेशी) पेशंटच्या डोळ्यात बसवायला लागले, त्या टीममध्ये सर्जन डॉ. विरेंदर संगवान यांच्यासोबत डॉ. गीता वेमुगंटी होत्या आणि त्या पॅथॉलॉजिस्ट आहेत. घरच्यांना हे सांग.

आता यात पॅथॉलॉजिस्टचं काम काय ते बघ. आपल्याकडे घरोघरी खर्रा (तंबाखू-सुपारी-चुन्याचं मिश्रण), त्याच्या चुन्याची पुडी लहान पोराच्या हाती लागते, दाबली की फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. चुना अल्कली आहे, आत आत शिरत जातो आणि कॉर्नियाच्या कडेची रिंग, म्हणजे लिंबस, जाळून टाकतो. कॉर्नियाचा वरचा थर भरून काढणाऱ्या स्टेम सेल नेमक्या तिथेच असतात. त्या गेल्या की पांढऱ्या भागावरची कातडी कॉर्नियावर चढते, रक्तवाहिन्या येतात, आणि अशा डोळ्यात नेत्रदानातला कॉर्निया बसवला तरी टिकत नाही. निदान पक्कं कसं करतात, तर डोळा बधिर करून फिल्टर पेपरचा तुकडा कॉर्नियावर दाबायचा, त्याला चिकटून आलेल्या पेशी रंगवून बघायच्या. त्यात गॉब्लेट सेल (पांढऱ्या भागावरच्या कातडीतल्या, चिकट द्रव तयार करणाऱ्या पेशी) दिसल्या म्हणजे नको ती कातडी कॉर्नियावर आली आहे. हे स्लाइडवर ओळखायचं ते पॅथॉलॉजिस्टनेच.

मग चांगल्या डोळ्याच्या लिंबसचा एक-दोन मिलिमीटरचा तुकडा घेतात, वारेच्या पातळ पडद्यावर साधारण दोन आठवडे वाढवतात. पण वाढलेल्या पेशींत खऱ्या स्टेम सेल किती? २०१० मध्ये इटलीच्या टीमने ११२ पेशंटचे रिझल्ट दिले, ७६.६ टक्के डोळे कायमचे सुधारले. कल्चरमध्ये पी६३ (स्टेम सेलची खूण असलेलं प्रोटीन) ठळक दिसणाऱ्या पेशी ३ टक्क्यांच्या वर होत्या तिथे ७८ टक्के यश, त्याखाली फक्त ११. म्हणजे पेशंटला दिसणार की नाही हे बऱ्याच अंशी सर्जरीच्या आधी लॅबमध्येच ठरतं, आणि ही नजर कुठल्याही सर्टिफिकेट कोर्समध्ये येत नाही गं, ती हजारो स्लाइड बघूनच येते.

एक गोष्ट मात्र तुला आधीच माहीत असू दे. २०१२ मध्ये संगवान यांच्याच टीमने स्लेट (SLET) ही पद्धत आणली, त्यात तुकड्याचे बारीक बारीक भाग करून थेट डोळ्यावरच लावतात, लॅबची गरजच नाही, खर्च एकदम खाली. पेशंटसाठी फार छान झालं, मला मनापासून आनंद आहे. पण दोन्ही डोळे जळलेल्यांना स्वतःचा तुकडा कुठून आणायचा, आणि रेटिनाचं (डोळ्याच्या मागच्या पडद्याचं) काय, हे प्रश्न उरलेच आहेत, तुझ्या पिढीला काम तिथे आहे.

एमडीची तीन वर्षं नागपुरातच काढलीस तरी चालेल. थिसिस डोळ्याच्या स्पेसिमेनवर घे, पापणीचे ट्यूमर घे किंवा २०२१ च्या म्युकरमधले (काळ्या बुरशीच्या साथीतले) जुने ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले टिश्यूचे तुकडे, मिळतात का बघ. रेटिनोब्लास्टोमाचा (लहान मुलांच्या डोळ्याच्या कॅन्सरचा) डोळा आला तर ऑप्टिक नर्व्हचं कापलेलं टोक स्वतः बघ, कारण गाठ तिथवर पोचली की नाही यावर पोराची पुढची ट्रीटमेंट ठरते. नंतर हैदराबाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, मदुराईचं अरविंद, दिल्ली एम्सचं आरपी सेंटर, या सगळीकडे डोळ्याची वेगळी पॅथॉलॉजी आहे, तिथे फेलोशिपची चौकशी कर, आणि सेल कल्चर हाताने शिक. पगार प्रायव्हेट लॅबवाल्या बॅचमेटपेक्षा बरीच वर्षं कमी राहील, त्याची घरी आधीच कल्पना दे.

प्रश्न : बाबांना (वय ७४) ड्राय मॅक्युलर डिजनरेशन (रेटिनाचा मधला भाग झिजण्याचा आजार) आहे. एक क्लिनिक म्हणतं पोटाच्या चरबीतून स्टेम सेल काढून डोळ्यात इंजेक्शन देऊ, पैसे लाखात मागून राहिले. करावं का?

उत्तर : नका करू. अमेरिकेत फ्लोरिडात हेच इंजेक्शन तीन बायकांनी पैसे भरून दोन्ही डोळ्यांत घेतलं आणि तिघींची नजर गेली, २०१७ मध्ये ते मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. या आजारावर स्टेम सेल आपल्याकडे फक्त मंजूर ट्रायलमध्येच देता येतात आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. क्लिनिकला सीटीआरआयचा (ट्रायलची नोंद ठेवणाऱ्या सरकारी रजिस्ट्रीचा) रजिस्ट्रेशन नंबर मागा, टाळाटाळ केली की समजून घ्या. बाबांना लो व्हिजन क्लिनिकला न्या, आणि घरी ॲम्स्लर ग्रिडचा (उभ्या-आडव्या रेषांच्या चौकटींचा) कागद लावून एकेक डोळा झाकून बघायला सांगा. रेषा अचानक वाकड्या दिसायला लागल्या तर थांबू नका, लगेच रेटिनावाल्याला गाठा, कारण ड्रायचं वेट झालं असेल तर त्याला इंजेक्शन आहे आणि ते वेळेत लागतं.