बेस गिटारची तार खुंटीवर बसवताना आधी कापावी की आधी दुमडावी?

आधी दुमडावी, मग कापावी. तार ब्रिजमधून (गिटारच्या अंगावरच्या, तारा अडकवायच्या भागातून) ओवून खुंटीपर्यंत ताणावी, खुंटीपुढे सुमारे १० ते १२ सेंटीमीटर लांबी राखून तिथे काटकोनात दुमडावी आणि दुमडीपुढचे बोटाच्या पेराएवढे टोक ठेवूनच कापावी. मुंबईत वाद्ये दुरुस्त करताना मी हाच क्रम पाळतो, कारण बेसची तार म्हणजे पोलादी गाभ्यावर गुंडाळलेली दुसरी तार असते आणि ती सरळ असतानाच कापल्यास ही गुंडाळी गाभ्यावर सैल पडून आवाज बोदा होतो. दुमड तिला घट्ट धरून ठेवते. दुमडलेले टोक खुंटीच्या मधल्या भोकात पूर्ण खाली घालावे आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली, एकमेकांवर न चढवता घ्यावा, म्हणजे तार नटवर (खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीवर) नीट दाबून बसते. जाड ई तारेला दोन-अडीच वेढे पुरतात, बारीक जी तारेला तीन-चार लागतात. सूर लावल्यावर तार ब्रिजच्या खोगिरापाशी (ती ब्रिजवर जिथे टेकते तिथे) अंगठ्याने हलकेच दाबावी आणि पुन्हा सुरात आणावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग सूर टिकत नाही म्हणून खुंट्यांना दोष देतात. मात्र ही पद्धत वरून खाच आणि मधोमध भोक असलेल्या खुंट्यांसाठी आहे. बाजूने आरपार भोक असलेल्या खुंटीत किंवा डोके नसलेल्या बेसमध्ये तार वेगळ्या रीतीने अडकवतात.