सहा व्होल्टच्या येझदीला बारा व्होल्टची कॉईल

प्रश्न : वडिलांची १९७८ची येझदी आहे, कॉईल (प्लगच्या ठिणगीसाठी बॅटरीचे व्होल्ट वाढवणारी) गेली म्हणून मेकॅनिकने बुलेटची बारा व्होल्टवाली नवी टाकून दिली. आता सकाळी दहा-बारा किका मारल्याशिवाय चालू होत नाही, घाटात मिसिंग मारते, रात्री हेडलाइट लावून सिग्नलला थांबलं की बंदच पडते. प्लगला करंट येतो पण पिवळट. मेकॅनिक म्हणतो कार्ब्युरेटर खोलू. खोलू का? (सातारा)

उत्तर : अजिबात नको, बिचाऱ्या कार्ब्युरेटरचा काय दोष. म्हैसूरहून आलेल्या तुमच्या गाडीत सहा व्होल्टचा डायनॅमो आणि सहा व्होल्टची बॅटरी, आणि कॉईल टाकलीय बारा व्होल्टची, तिथंच गोची झालीय. बारा व्होल्टच्या कॉईलची प्रायमरी, म्हणजे बॅटरीचा करंट जातो ते आतलं वेटोळं, साधारण तीन ते साडेचार ओहमची असते, म्हणजे सहा व्होल्टवर तिच्यातून जेमतेम दीड-दोन अँपिअर जाणार, तिला पाहिजे त्याच्या निम्मे. आणि करंट निम्मा झाला की कॉईलमध्ये साठणारी ऊर्जा निम्मी नाही, पाव होते. त्यात हेडलाइट लावून आयडलला उभं राहिलात की डायनॅमो चार्जच करत नाही, सगळा भार बॅटरीवर, तिचे व्होल्ट अजून पडतात आणि गाडी बसते.

सहा व्होल्टची कॉईल साधारण दीड-दोन ओहमची, तीच घ्या. दुकानात मल्टिमीटर घेऊन जा, डबीवर काय छापलंय त्याच्यावर जाऊ नका. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा, ०.३ वगैरे आकडा दिसेल तो वायरींचा, तो वजा करायचा, नाहीतर दीडची कॉईल दोनची वाटते. मग कॉईलच्या दोन्ही बारक्या टर्मिनलवर पिना लावा.

अजून एक, जुनी कॉईल फेकली नसेल तर तीही अशीच मोजा, आणि इंजिन तापल्यावर परत मोजा. थंड असताना बरोबर आणि तापल्यावर सर्किट ओपन, म्हणजे आतली तार तुटल्यासारखी, तर खरंच गेली. दोन्ही वेळा बरोबर आली तर मला कंडेन्सरचाच (पॉइंटवरच्या ठिणग्या दाबणारा) संशय येईल, त्याच्यापायी चांगल्या कॉईली भंगारात जातात राव! सीबी पॉइंटवर (कॉईलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) मोठ्या ठिणग्या उडतायत का बघा, उडत असतील तर कंडेन्सर बदला, पॉइंटची गॅप ०.४ मिमीच्या आसपास ठेवा.

प्रश्न : सीडीआयवाल्या (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन) स्कूटरची कॉईल स्वस्तात मिळते, पॉइंटच्या गाडीला चालेल? (इचलकरंजी)

उत्तर : नाही. तिची प्रायमरी एक ओहमच्याही खाली असते कारण तिला सीडीआय युनिट दोनशे-तीनशे व्होल्टचा झटका क्षणभरच देतं. पॉइंटवर लावली तर सहा व्होल्टलासुद्धा दहा-बारा अँपिअर खेचेल, पॉइंट जळतील, आणि इग्निशन चालू ठेवून चहाला गेलात तर कॉईलही हाताला चटका देईल. उलट सहा व्होल्टची गाडी बारावर नेलेली असेल आणि जुनीच कॉईल ठेवायची असेल तर सिरीजमध्ये दीड-दोन ओहमचा जाड, जास्त वॉटचा रेझिस्टर टाका, चालून जातं. तो तापतो, वायरिंगला चिकटवू नका.