मागचं दार दोन भागांत होईल का?

प्रश्न : माझ्या एसयूव्हीचं मागचं दार वर उघडतं. द्राक्षांचे क्रेट चढवताना खालचा अर्धा भाग फळीसारखा आडवा पडावा, असं वाटतं. दार कापून घेऊ का?
– एक वाचक, दिंडोरी

उत्तर : होईल, पण आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनातल्या बदलांना लागू आहे.

कापणं सोपं, बळकटी परत आणणं अवघड. दाराचा आतला पत्रा म्हणजे एकच सलग चौकट. काचेखाली काप दिला की ती तुटते आणि दोन्ही भाग पिळतात. म्हणून दोन्ही कडांना आतून चौकोनी पाइप वेल्ड करायला सांगा. त्याआधी काच उतरवा, बॅटरी सोडवा. वेल्डिंग टाक्याटाक्यांनीच हवं. सलग ओढलं तर पत्रा वाकतोच.

खालच्या भागाला भक्कम बिजागऱ्या, दोन्ही बाजूंना लॅच आणि स्टीलच्या दोऱ्या लावा. मधे एकच लॅच असेल तर कोपरे खडखडतात.

वरचा भाग आता हलका झालेला असतो. दार उचलून धरणाऱ्या गॅसच्या नळ्या, म्हणजे गॅस शॉकर, जुनेच ठेवले तर तो झटक्याने वर जातो आणि काचेला धोका. वजन करून कमी न्यूटनचे, म्हणजे कमी जोराचे घ्या. आकडा नळीवर छापलेला असतो.

सर्वांत महत्त्वाचं रबर बीडिंग, म्हणजे दाराच्या काठाची फट बंद करणारी रबरी पट्टी. फटीतून धुळीबरोबर सायलेन्सरचा विषारी धूरही आत खेचला जातो. कागदाची पट्टी दारात धरून ओढा. अलगद निघाली तर तिथे दाब कमी आहे. सगळा काठ असा तपासल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.