गुडघ्यावर प्रबंध करणाऱ्या नव्या फिजिओला

गुडघा बदललेल्या रुग्णांवर काम करणार आहेस, तर आधी २०२० चा 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधला अभ्यास पूर्ण वाच. गुडघ्याच्या संधिवाताचे १५६ रुग्ण, स्टिरॉइडचं इंजेक्शन की फिजिओथेरपी. वर्षानंतर वेदना आणि हालचाल या दोन्हींत फिजिओथेरपीचा गट सरस. अर्थात, ते गुडघा बदललेले नव्हते, हे विसरू नकोस. शिवाय तुझ्या अभ्यासातही आपण व्यायाम करतोय, म्हणजे कोणत्या गटात आहोत, हे रुग्णाला कळतंच. निदान निकाल मोजणाऱ्याला तरी रुग्णाचा गट कळू देऊ नकोस.

मोजायचं काय, यावर सगळ्यात जास्त वेळ घाल. खुर्चीतून उठून ३ मीटर चालून परत बसण्याची चाचणी घेच. पण रत्नागिरीकडे कितीतरी बायकांना जांभ्याच्या पायऱ्या उतरून विहिरीवर जायचं असतं. प्रश्नावलीत ते नसेल तर वेगळं विचार. गुडघा बदलल्यावर उकिडवं बसणं बहुधा टाळायला सांगतात, त्यामुळे भातलावणी करणाऱ्या घरात हे पहिल्याच भेटीत बोलायला हवं.

फेरतपासणी लावणीत किंवा गणपतीत ठेवू नकोस, माणसं येत नाहीत. जे गळतील त्यांनाही मूळ गटातच धरून आकडेमोड कर.