रिटायर झाल्यावर इंग्लंडमध्ये कॅनॉलवर बांधलेल्या बोटीत कायमचं राहणं जमतं का?

जमतं की, पण आधी रेसिडेन्शियल मूरिंग (बोट बांधून तिच्यात कायमचं राहायची परवानगी असलेली जागा) मिळतंय का बघा, बोट नंतर घ्या. कायमची जागा नसेल तर साधारण 14 दिवसांनी बोट हलवावीच लागते आणि सत्तरीत, हिवाळ्यात लॉकचे (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या कप्प्याचे) ते जड दरवाजे पाठ लावून ढकलायचे म्हणजे खायचं काम नाही. नॅरोबोट, म्हणजे तिथल्या कॅनॉलवरची लांब अरुंद बोट, जेमतेम 7 फूट रुंद, त्यामुळे सामान निम्म्याहून कमी करायची तयारी हवी. सकाळ स्टोव्हपासूनच सुरू होते, रात्री हवा कमी करून ठेवलेले निखारे अजून लाल असतात, राख काढायची, वर कोळसा टाकायचा, की हळूहळू बोट ऊबदार होते (कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र हवाच, त्यात हयगय नको). खरा त्रास टॉयलेटच्या कॅसेटचा, ती भरलेली जड टाकी दर काही दिवसांनी उचलून एल्सन पॉइंटला (कॅनॉलकाठी मैला टाकायची ठरलेली जागा) नेऊन रिकामी करायची, गुडघे दुखत असतील तर सरळ पंप-आउटवाली (जिची मैल्याची टाकी पंपाने उपसतात अशी) बोट बघा. शेजार मात्र फार छान असतो हो, थंडीत एखाद्या धुराड्यातून धूर दिसला नाही तर लोक येऊन दार वाजवतात. आणि दर 4 वर्षांनी सेफ्टी सर्टिफिकेट, 2-3 वर्षांनी तळाला ब्लॅकिंग (गंज रोखणारा काळा लेप), हा खर्च वेगळा धरा.