सागवानी दाराला पॉलिशचा दुसरा हात मारण्याआधी भुकटी कशाने पुसावी?

सीलरचा (पॉलिशआधी लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या थराचा) एक हात मारून झालाय, ३२० नंबरच्या कागदाने घासूनही झालंय, आणि आता वरची पांढरी भुकटी पाण्याने पुसायची की थिनरने यावरून घरात दोन तट पडलेत, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत: आधी दोन्ही बाजूला ठेवा. निम्म्याहून जास्त काम कोरड्यानेच होतं.

व्हॅक्यूम क्लीनर असेल तर ब्रशवालं तोंड लावून दारावरची भुकटी वरून खाली ओढून घ्या. नसेल तर दोन इंची कोरा पेंटिंग ब्रश घ्या. सपाट फळीची फार चिंता नको, खरी भुकटी दडते ती पॅनलच्या कडेच्या खाचांत आणि गोल्यांच्या (कडेच्या गोलसर पट्ट्यांच्या) कोपऱ्यांत. तिथे राहिली की पुढच्या हातात कालवली जाते आणि कडा रवाळ होतात. मग लोक पॉलिशला नावं ठेवतात. मग मायक्रोफायबरचं किंवा जुन्या धुतलेल्या सुती बनियनचं फडकं, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. दुकानात मिळणारं धाग्यांचं वेस्ट नको, तंतू सोडतं. फडकं काळं असेल तर उत्तम, किती पांढरं निघतंय ते दिसतं.

आता ओल्याचं. खालचा थर ज्यात विरघळतो, त्याने पुसायचं नाही. तुमचा सीलर एनसी (नायट्रोसेल्युलोज) असेल तर थिनरने तो मऊ पडेल, डाग उठतील. चपड्याच्या (लाखेच्या) पॉलिशवर स्पिरिटचंही तेच. एनसीवर पुसायचंच असेल तर मिनरल टर्पेंटाइनने नुसतं ओलसर केलेलं फडकं फिरवा आणि पूर्ण उडू द्या. वॉटर-बेस पीयू (पाण्यात मिसळलेलं पॉलियुरेथेन) असेल तर घट्ट पिळलेलं पाण्याचं फडकं चालतं. मात्र घासताना कुठे कडेला कोरं लाकूड उघडं पडलं असेल तर तिथे पाणी लागू देऊ नका, रेषा फुगून उभ्या राहतात. रॉकेल कशालाच नको, तेलकटपणा मागे राहतो.

चिकट टॅक क्लॉथ (धूळ धरणारं मेणाळ फडकं) वापरणार असाल तर हलक्या हाताने. दाबलं की मेण उतरतं, आणि वॉटर-बेस त्यावर फाटतं. म्हणून त्या पॉलिशला मी तो घेतच नाही.

घासताना भुकटी न उडता कागदावर गोळ्या धरल्या का? तर सीलर वाळलेलाच नाही, पुसण्याची घाई नको. पावसाळ्यात हे हमखास होतं.

शेवटी मोबाइलचा टॉर्च दाराला जवळजवळ टेकवून तिरपा धरा, राहिलेलं सगळं दिसतं. पुसल्यावर लगेच ब्रश उचलू नका. पंखा बंद, फरशीवर पाण्याचा हलका शिपका, आणि हवेतली धूळ खाली बसायला अर्धा तास द्या.